कात्यायनीचा वाटा

याज्ञवल्क्य आणि मैत्रेयी यांची गोष्ट आपल्याकडे इतक्या व्यासपीठांवरून सांगितली गेली आहे, की ती पुन्हा सांगायला घेणे म्हणजे वाचकांच्या सोशिकपणाची परीक्षाच. पण बृहदारण्यक उपनिषदातल्या या गोष्टीत ब्रह्मविचार सुरू होण्याआधी एक छोटासा व्यवहार आहे आणि त्यापाशी फारसे कोणी थांबत नाही. ऋषी गृहस्थाश्रम सोडून निघाला आहे. त्याला दोन बायका आहेत. निघण्यापूर्वी तो मैत्रेयीला हाक मारतो आणि म्हणतो, की तुझी व कात्यायनीची वाटणी करून देतो. आजच्या बोलीत सांगायचे तर हा निवृत्तीच्या दिवशीचा हिशेब आहे. मैत्रेयी विचारते, धनाने भरलेली सारी पृथ्वी मिळाली तरी मी त्यामुळे अमर होईन काय? ऋषी प्रामाणिक आहे, तो नाही म्हणतो. मग ती धन बाजूला सारते, ज्ञान मागते आणि इथून पुढे आपल्या सर्वांच्या माना डोलू लागतात.

कात्यायनीचे काय झाले? तिला किती मिळाले, पुरले की नाही, याविषयी उपनिषद काही बोलत नाही. तिला बायकांना असते तेवढीच समज होती, असे एका शब्दात सांगून तिची बोळवण झाली आहे. ऐकणारे हे हिणवणे समजतात. मला तसे वाटत नाही. कणगीत धान्य किती उरले आहे, गाईंना वैरण किती दिवस पुरेल, नवरा रानात गेल्यावर दाराशी येणाऱ्या अतिथीला काय वाढायचे, ही समज ज्या घरात नसते त्या घरात ब्रह्मचर्चा फार दिवस चालत नाही. आणि खरा प्रश्न समजेचा नाहीच. वाटणी करताना कात्यायनीला कोणी हाक मारली होती का, हा आहे.

मला हा प्रश्न सुचण्याचे कारण माझी नोकरी. एका सरकारी हिशेब कचेरीत मी तीस वर्षे पेन्शनीची कागदपत्रे तपासली. त्या कागदांबरोबर नवराबायकोचा एकत्र काढलेला फोटो जोडावा लागतो. कितीतरी जोडप्यांचा तो लग्नानंतरचा पहिलाच जोडीने काढलेला फोटो असे. नवरा इस्त्रीचा सदरा घालून भिंगाकडे रोखून पाहत असायचा. बायको नव्या पातळाचा पदर सावरत, कुठे पाहायचे हे नक्की न कळल्यासारखी. फोटोत दोघे, अर्ज मात्र एकाचाच. सगळे रकाने त्याने भरलेले, तिने दाखवलेल्या जागी सही केलेली. कधी बाई बरोबर आल्या आणि मी सहज विचारले, "वहिनी, दरमहा किती बसणार आहे, ठाऊक आहे ना?" तर त्या उत्तरादाखल यजमानांकडे बघत. त्या अडाणी नसत. वाण्याच्या यादीतली दोन रुपयांची चूक त्या तिथल्या तिथे दाखवून देतील. पण हा हिशेब आपला आहे, असे त्यांना कोणी कधी सांगितलेले नसे.

ऐन दिवाळीत म्हातारपणाचा आणि मागे राहणाऱ्यांचा विषय काढला म्हणून कोणी 'शुभ बोल नाऱ्या' म्हणेल. पण धनत्रयोदशीच्या दिवशी आपण काय करतो ते पाहा. एकीकडे धनाची पूजा आणि संध्याकाळी दक्षिणेकडे वात करून यमासाठी दिवा. चार दिवसांनी भाऊबीज येते, तिचे पंचांगातले नावही यमद्वितीया. धन आणि यम यांची गाठ आपल्या पूर्वजांनीच सणात घालून ठेवली आहे, मी काही ती नव्याने घालत नाही.

आता थोडे आकडे. केंद्र सरकारचा एखादा नोकर साठाव्या वर्षी निवृत्त झाला आणि त्याचे शेवटचे मूळ वेतन ८०,००० रुपये होते असे धरू. निवृत्तिवेतन निम्मे, म्हणजे ४०,०००. त्याच्या पश्चात पत्नीला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन मूळ वेतनाच्या तीस टक्के, म्हणजे २४,०००. पहिल्या काही वर्षांचा वाढीव दर आणि दोन्हींवरचा महागाईचा भाग तूर्त सोडून देऊ. माणूस गेला की घराचे उत्पन्न चाळीसवरून चोवीसवर येते. भाडे, वीज, औषधे, दूध आणि कामवाली बाई मात्र चाळिसाचे चोवीस होत नाहीत. दोघांच्या घरातला एक गेला म्हणून दिवे निम्मे लागत नाहीत. ही कुटुंब निवृत्तिवेतनाची योजना आजच्या रूपाला आली ती १९६४ च्या योजनेपासून, आणि ज्यांच्या घरी ती आहे ते भाग्यवानच.

त्याच नोकराला निवृत्तिवेतनाचा चाळीस टक्क्यांपर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात. याला अंशराशीकरण असे दात पाडणारे नाव आहे. आमच्या कचेरीत सगळे 'पेन्शन विकणे' म्हणत आणि ते नाव जास्त खरे आहे. साठीला निवृत्त होणाऱ्यासाठी गुणक ८.१९४. तेव्हा दरमहा १६,००० सोडले की हातात १५,७३,२४८ रुपये येतात. पंधरा वर्षांनी सोडलेला भाग परत सुरू होतो. तोवर २८,८०,००० रुपये सोडून झालेले असतात. मात्र मधेच नवरा गेला तर उरलेली वजावट विधवेच्या वेतनातून होत नाही. म्हणजे पेन्शन विकणे शहाणपणाचे की नाही, हे पुष्कळसे त्याच्या आयुष्यावर अवलंबून, आणि ती रक्कम पुढे कोणाच्या हाती जाते यावर. हातात आलेल्या पंधरा लाखांचे घरात काय होते? मुलाच्या फ्लॅटचा हप्ता, मुलीच्या लग्नातले देणे, गावच्या घराचे छप्पर. यातले काहीच वाईट नाही. पण या अर्जावर बायकोची सही लागत नाही.

सरकारी नोकरांचे निदान नियम तरी ठरलेले आहेत. खाजगी नोकरीतून निवृत्त होणारा माणूस साठवलेल्या पैशातून विमा कंपनीकडून वर्षासन विकत घेतो, तेव्हा त्याच्यापुढे खरी परीक्षा असते. (वर्षासन हा आपला जुना, पेशवाईतला शब्द. देवस्थानांना आणि शास्त्रीपंडितांना मिळत असे.) एक प्रकार असा, की घेणाऱ्याच्या हयातीपर्यंतच रक्कम मिळेल. दुसरा असा, की त्याच्यामागे पत्नीलाही तिच्या हयातीपर्यंत मिळत राहील. पहिल्यात दरमहा येणारा आकडा मोठा असतो, दुसऱ्यात थोडा लहान. तेवढ्या थोड्या फरकात एका माणसाची पंधरावीस वर्षे असू शकतात, कारण आपल्याकडे नवरा वयाने मोठा असतो आणि बायका सरासरीने जास्त जगतात.

पहिला प्रकार निवडणारे लोक स्वार्थी असतात असे मी म्हणणार नाही. त्यांतल्या कितीजणांनी स्वतःसाठी धड एक कोट शिवलेला नसतो. त्यांची अडचण वेगळी असते. आपण नसलेले आपले घर डोळ्यांपुढे आणणे माणसाला जमत नाही. त्याच खुर्चीवर कोणी बसलेले नाही, सकाळचे वर्तमानपत्र घडी न मोडता पडले आहे, आणि विजेचे बिल घेऊन ती दारात उभी आहे, हे चित्र मन काढूच देत नाही. मग मोठा आकडा दिसतो आणि सही होते. नीतीच्या पुस्तकांत स्वार्थावर प्रकरणे असतात. माझ्या मते संसारातली बरीचशी अन्याय्य वागणूक स्वार्थातून येत नाही, ती अशा न काढलेल्या चित्रांतून येते.

पण मुळात हा पैसा कोणाचा? 'मी कमावला, म्हणून माझा' हे उत्तर वरवर निरुत्तर करणारे आहे. जुन्या शास्त्रांकडे पाहावे तर मनू म्हणतो, अंगाला सुरकुत्या पडल्या, केस पिकले, नातू पाहिला, की गृहस्थाने वनात जावे; पत्नीला मुलांच्या हवाली करावे किंवा बरोबर न्यावे. दोन्ही पर्यायांत क्रियापदाचा कर्ता तोच. तिच्या हक्काचे असे जे स्त्रीधन, त्याविषयी याज्ञवल्क्यस्मृती सांगते, की दुष्काळात, धर्मकार्यात, आजारपणात किंवा बंदीत पडल्यावर नवऱ्याने ते वापरले तर परत केलेच पाहिजे असे नाही. गंमत अशी, की या अपवादांतूनच नियम दिसतो. एरवी घेतलेले परत करायचे असते. पाडव्याच्या ओवाळणीत तबकात पडणारी नोट ही याच जातीची. नवऱ्याने प्रेमाने दिलेले तिचे होते, तिथे त्याचा हात पुन्हा जात नाही. वर्षातून एक दिवस आपण हे तत्त्व मानतो आणि उरलेले वर्ष विसरतो.

आजचा कायदा काही पावले पुढे आला आहे. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा १८७४ चा कायदा अजून चालू आहे. त्याप्रमाणे नवऱ्याने बायकोमुलांसाठी म्हणून स्वतःचा विमा उतरवला, तर त्या रकमेला त्याच्या धनकोंना हात लावता येत नाही. १९५६ च्या उत्तराधिकार कायद्याने हिंदू स्त्रीला तिच्या मालमत्तेची पूर्ण मालकी दिली. स्त्रीधन तिचेच आणि नवऱ्याकडे ते केवळ ठेवीसारखे असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली सांगितले. पण ही सगळी तिच्या नावावर असलेल्या वस्तूंची गोष्ट झाली. नवऱ्याच्या पगारातून उभे राहिलेले जे त्याच्या नावावर आहे त्याचे काय? जून २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका प्रकरणात म्हटले, की नवरा परदेशी कमवत होता आणि बायको घर सांभाळत होती, तेव्हा त्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत तिच्या कष्टांचाही भाग आहे आणि तिला निम्मा वाटा आहे. तो निकाल वाचून आमच्या जुन्या कचेरीतले एक गृहस्थ म्हणाले, "आता स्वयंपाकाचेही व्हाउचर ठेवावे लागणार." मी म्हटले, व्हाउचर ठेवले असते तर निम्म्यावर भागले नसते.

गोव्याच्या वाचकांना मात्र या चर्चेचे नवल वाटेल. पोर्तुगीजांच्या १८६७ च्या दिवाणी संहितेतला विवाहविषयक भाग तिथे अजून चालतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामायिक होते आणि त्यात दोघांचा अर्धा अर्धा भाग असतो. घर किंवा जमीन विकायची तर एकट्याच्या सहीने भागत नाही. पेडण्याकडचे एक स्नेही मला सांगत होते, की त्यांच्याकडे जमिनीचा व्यवहार असला की बाई नोंदणी कचेरीत येऊन बसायच्याच. त्या तिथे बसतात म्हणून गोव्यातले संसार मोडले असे काही ऐकिवात नाही. उंबरठ्याच्या त्या बाजूला जे इतकी वर्षे सहज चालले आहे, ते सावंतवाडीपासून इकडे अशक्य का वाटावे? अर्थात कायद्याने सही मागितली म्हणजे मत विचारले असे होत नाही, हेही त्या स्नेह्यांनीच सांगितले.

जिथे वाटा मिळत नाही तिथे बायकांनी तो स्वतः काढून घेतला आहे. डाळीच्या डब्यात, पातळाच्या घडीत, देव्हाऱ्यामागे. या पैशाला चोरीचा म्हणावे की नाही, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. नवऱ्यापासून लपवलेले, त्याच्याच पगारातून वाचवलेले. सत्याच्या कसोटीला लावले तर उतरणार नाही. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारांच्या नोटा रद्द झाल्या आणि घरोघरचे डबे एकदम पालथे पडले. गृहिणींनी अडीच लाखांपर्यंत भरलेल्या रकमेची चौकशी होणार नाही, असे तेव्हा सरकारने सांगितले, म्हणजे सरकारलाही डबे ठाऊक होते. फक्त नवऱ्यांना ठाऊक नव्हते. कित्येक घरांत त्या आठवड्यात नवरे आधी रागावले, मग आकडा ऐकून गप्प झाले, आणि शेवटी तो पैसा 'आपला' म्हणून खात्यात गेला. खाते कोणाच्या नावाचे, ते विचारू नये. मला वाटते, लपवणे हा दोष खराच. पण ज्या घरात उघड मागितले की 'कशाला हवेत?' असा प्रश्न येतो, त्या घरात तो दोष दोघांनी वाटून घ्यायला हवा.

याहून अवघड गोष्ट पुढे आहे. आमच्या गल्लीत एक पोस्टमास्तर राहतात. नोकरीभर दुसऱ्यांची बचतखाती सांभाळली, बायकोला कधी दुखावले नाही, असा सज्जन माणूस. निवृत्तीच्या वेळी उपदान आणि विकलेली पेन्शन मिळून जी रक्कम आली ती सगळी पुण्याच्या मुलाला फ्लॅटसाठी द्यायची असे त्यांनी ठरवले. मी वर मांडलेला हिशेब त्यांच्यापुढे ठेवला. ते म्हणाले, "तिला विचारलंय. तिची ना नाही." वहिनी आतून चहा घेऊन येत होत्या. त्यांनी विचारले, "अगं, सांग यांना." वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे म्हणतील तसं. मला काय करायचेत पैसे?"

आता यात काय चुकले? विचारले गेले, होकार मिळाला. तरीही मला तो होकार वाटेना. मला काय करायचेत पैसे, हे मैत्रेयीचेच वाक्य आहे. पण मैत्रेयीपुढे आधी वाटा ठेवला होता, मग तिने तो सोडला. जिच्या पदरात कधी काही पडलेच नाही तिने काही नको म्हणणे, याला त्याग म्हणता येत नाही. ती सवय असते. आपण आपल्या आयाबहिणींच्या या सवयीची फार स्तुती केली. त्यांच्यावर कविता केल्या, श्राद्धाच्या दिवशी डोळे पुसले. त्या स्तुतीत आपली सोय किती होती, हे एकदा बसून मोजायला हवे.

मी पोस्टमास्तरांना एवढेच म्हटले, की देणे तुमच्या दोघांचे असेल तर आधी निम्मे वहिनींच्या नावे करा आणि मग त्यांना द्यायचे असेल तर त्या देतील. त्यांनी बरेच आक्षेप काढले. नवऱ्याने बायकोला दिलेल्या पैशावरचे व्याज आयकर खाते नवऱ्याच्याच उत्पन्नात धरते, हा पहिला. ते खरेच आहे; बायकोचा वाटा मानायला ते खातेही तयार नाही. दुसरा आक्षेप, की खात्याला नामनिर्देशन केलेले आहे, आपल्यामागे सगळे तिचेच. नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे, हे विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९८३ सालीच सांगितले होते, आणि विम्यापुरता जवळच्या नातलगांसाठी तो नियम बदलायला २०१५ साल उजाडले. हे त्यांना माझ्याइतकेच ठाऊक होते. शेवटचा आक्षेप त्यांनी हळू आवाजात सांगितला: "मुलाला काय वाटेल? आईबाप हिशेब मांडायला लागले म्हणेल." हा एकच आक्षेप खरा होता. मुलाला द्यायचे म्हटले की आपल्याला हिशेब करणे प्रेमाच्या विरुद्ध वाटते. मुले मात्र बँकेचे कर्ज घेताना वीस वर्षांचा हिशेब मांडतात, आणि ते योग्यच करतात. आईवडिलांनी दिलेले सांभाळाच्या अटीवर दिले असेल आणि सांभाळ झाला नाही, तर ते परत मिळवण्याची सोय २००७ च्या कायद्यात करावी लागली आहे. तो कायदा कुणा परक्यांच्या मुलांसाठी झालेला नाही. पण त्या कायद्याच्या दारात जाण्याची वेळ येण्यापूर्वीच दोन आकडे कागदावर लिहिणे, मला वाटते, मुलावरही कमी अन्याय करणारे आहे.

पुष्कळ दिवसांनी पोस्टमास्तर एका संध्याकाळी आले. मुलाला ठरल्यापेक्षा सहा लाख कमी दिले होते आणि ते सहा लाख पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत वहिनींच्या एकटीच्या नावे टाकले होते. दरमहा साडेतीन हजारांच्या वर व्याज येते. पहिले चार महिने वहिनींनी ते काढलेच नाही. पाचव्या महिन्यात स्वतः पोस्टात जाऊन सगळे काढून आणले.

"कशाला हवे होते म्हणून मी विचारलं," पोस्टमास्तर म्हणाले. "तर म्हणाली, 'सांगायलाच हवं का?'"

ते थोडे दुखावले होते. मी चहा ठेवायला सांगितला. चहा येईपर्यंत ते गप्प बसून होते, मग म्हणाले, "आपण पगाराचं कधी सांगत होतो म्हणा."